साहेब गेला, पण त्याची वही कोणाच्या हाती?

परराज्य गेले म्हणजे रयतेचे राज्य आले, असे समजण्याचा प्रघात आहे. ही समजूत अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परका राज्यकर्ता गेला म्हणजे त्याची खुर्ची रिकामी होते खरी. पण खुर्चीपुढे त्याची वही उघडीच पडलेली असते. जमीन कोणाच्या नावे, शेतमाल कोणत्या भावाने घ्यावयाचा, आणि शाळा कोणासाठी व कोणत्या भाषेत, ही त्या वहीतली तीन मोठी कलमे. नवा धनी ती वही दुरुस्त करतो, की तशीच पुढे चालवितो, यावरून स्वराज्याची पारख करावयाची असते. झेंड्याच्या रंगावरून नव्हे.

याचा पुरावा म्हणून आफ्रिका खंडाच्या पूर्व भागातील केनिया, युगांडा व टांझानिया या तीन शेजारी राष्ट्रांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. ही तिन्ही राष्ट्रे एकाच इंग्रज धन्याच्या अमलाखाली होती, सुमारे दोन वर्षांच्या काळात एकामागून एक मोकळी झाली, आणि मोकळी होताना त्यांची आगगाडी, टपाल, बंदरे व नाणे ही सारी सामाईक होती. असे असून हे सामाईक घर पंधरा-सोळा वर्षांत मोडले. ते का मोडले हे शेतकऱ्यास पदवीधरापेक्षा लवकर समजेल. कारण सामाईक विहिरीवरील पाळीची भांडणे त्याने डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

आधी इंग्रजी अमलात वही कशी लिहिली गेली ते पाहू. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून नैर्ऋत्येस गेले म्हणजे मोंबासा बंदर लागते. तेथून १८९६ साली आगगाडीचा रस्ता सुरू झाला व १९०१ साली तो व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोहोचला. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर व कारागीर नेले होते. त्यांत पंजाबातील लोकांचा भरणा फार. सुमारे अडीच हजार माणसे तेथेच मातीआड झाली. बहुतेक परत आले, काही राहिले. लोहार, सुतार व गवंडी तेथे राहिले, आणि त्यांच्या हाताखाली व रेल्वेच्या कारखान्यात अनेक आफ्रिकी तरुण हत्यार धरावयास शिकले. कारागिरास तिकडच्या स्वाहिली भाषेत ‘फुंडी’ म्हणतात.

या रस्त्याचा खर्च निघावा म्हणून केनियाच्या थंड, सुपीक पठारावरील जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांस दिल्या, आणि मूळ कसणाऱ्यांस ‘राखीव’ म्हणून ठरविलेल्या तुकड्यांत कोंबले. मग झोपडीवर पट्टी बसविली. पट्टी रोख द्यावयाची, आणि रोख पैसा तर गोऱ्याच्या मळ्यावर राबल्याखेरीज मिळावयाचा नाही! पुरुषांनी ‘किपांडे’ नावाची ओळखचिठ्ठी पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवून फिरावे, असा नियम १९२०च्या सुमारास अमलात आला. ज्या जमिनीत कॉफी सोन्यासारखी पिकते, तेथे आफ्रिकी शेतकऱ्यास मात्र अनेक वर्षे ती लावण्याची मनाई होती.

युगांडात गोऱ्यांचे मळे फारसे नव्हते. तेथे निराळी युक्ती केली. १९०० साली इंग्रजांनी बुगांडाच्या राजदरबाराशी करार केला आणि सरदार-दरकदारांस चौरस मैलांच्या मापाने जमिनी तोडून दिल्या. ‘मैल’ या शब्दावरून त्या वतनी जमिनीचे नावच ‘मैलो’ पडले. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा शेतकरी त्या कागदाने एका दिवसात कूळ बनला. पुढे खंड इतका चढला की, तो आवरण्यास १९२८ साली कायदा करावा लागला. कोकणात ज्यांच्या आजा-पणजांनी खोती भोगली, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

टांझानियाचा मोठा भाग, म्हणजे टांगानिका, आधी जर्मनांकडे होता. जर्मनांनी सक्तीने कापूस लावावयास लावला, तेव्हा १९०५ साली रयत उठली. मंतरलेल्या पाण्याने बंदुकीची गोळी विरघळते अशी त्या भोळ्या लोकांची श्रद्धा. पाण्यास स्वाहिलीत ‘माजी’ म्हणतात, म्हणून ते बंड ‘माजी माजी’ या नावाने प्रसिद्ध आहे. जर्मन फौजेने उभी पिके व धान्याच्या कणग्या जाळल्या, आणि लढाईपेक्षा उपासमारीने अधिक माणसे मेली. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख इंग्रजांकडे आला.

या तिन्ही मुलखांत वर गोरा, खाली आफ्रिकी, आणि मधल्या पायरीवर आपला हिंदी माणूस, अशी उतरंड होती. दुकान, कापसाचे जिनिंग, कारकुनी ही मधली कामे बहुधा हिंदी लोकांच्या हाती. वरच्याची लाथ खाऊन खालच्यास तुच्छ लेखण्याचा जो रोग आम्हांस घरी ठाऊक आहे, तो समुद्रापलीकडेही गेला होता, हे आम्ही लपवीत नाही. पण माखनसिंग यांच्यासारखी माणसेही त्याच लोकांत निघाली. रेल्वेवर राबलेल्या एका पंजाबी कारागिराचा हा मुलगा. त्याने १९३५ सालापासून केनियात मजुरांचा संघ बांधला, १९५० साली पूर्व आफ्रिकेस संपूर्ण स्वातंत्र्य द्या अशी उघड मागणी केली, आणि त्यापायी १९६१ पर्यंत म्हणजे अकरा वर्षे तो स्थानबद्धतेत राहिला. स्वराज्य आल्यावर त्यास कोणी मोठी जागा दिली नाही.

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी, युगांडा ९ ऑक्टोबर १९६२ रोजी व केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाले. १९६४च्या एप्रिलात टांगानिका व झांझिबार बेट एक होऊन टांझानिया झाला. टांगानिकाचे पुढारी ज्युलियस न्येरेरे हे पेशाने शाळामास्तर. लोक त्यांस अखेरपर्यंत ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजी म्हणत, याचा आम्हां मास्तरमंडळींस अभिमान वाटल्यास नवल नाही. त्यांनी १९६० सालीच सांगितले होते की, तिघांचे एक संघराज्य होत असेल तर आमचे स्वातंत्र्य थोडे लांबले तरी चालेल. जून १९६३ मध्ये तिन्ही पुढाऱ्यांनी नैरोबीत बसून संघराज्याचा जाहीरनामाही काढला. पण ते झाले नाही. प्रत्येकाच्या घरी खुर्ची मांडून झाली होती. आणि खुर्चीवर बसलेला मनुष्य दुसऱ्यासाठी सरकून बसावयास सहसा राजी नसतो.

जानेवारी १९६४ मध्ये तर विलक्षण प्रकार घडला. पगार वाढवा व गोरे अंमलदार काढा, असे म्हणत तिन्ही देशांतील शिपाई काही दिवसांच्या अंतराने बिथरले, आणि तिन्ही सरकारांस शांततेसाठी इंग्रज फौज बोलवावी लागली. ज्यास वाजतगाजत निरोप दिला, त्याच पाहुण्यास उंबऱ्यावरून परत हाक मारण्याची पाळी आली! नवा राजा आला तरी शिपायाच्या ताटात काय पडले, हे कोणी पाहिले नव्हते.

आता वहीतली कलमे पाहू. पहिले कलम जमिनीचे. केनियात जमिनीसाठी १९५२ पासून ‘माऊ माऊ’चा झगडा झाला. हजारो शेतकरी मेले, लाखो छावण्यांत व काटेरी कुंपणाच्या गावांत कोंडले गेले. एवढे होऊन स्वराज्य आले तेव्हा ठरले काय? गोऱ्यांचे मळे खुषीच्या सौद्याने विकत घ्यावयाचे! सुमारे दहा लाख एकरांवर सुमारे ३५ हजार कुटुंबांस वसविले, पण त्यांच्या गळ्यात कर्ज बांधून. म्हणजे आपलीच हिरावलेली जमीन आपणच कर्ज काढून सोडवावयाची. ज्यास पत होती त्याने मोठे मळे घेतले. पुढारी, अंमलदार व त्यांचे सोयरे यांच्या नावे जमिनी चढल्या. अध्यक्ष जोमो केन्याट्टा यांच्याबरोबर तुरुंगवास भोगलेले बिल्डाड काग्गिया भूमिहीनांस जमीन फुकट द्या म्हणून भांडत. त्यांस केन्याट्टांनी १९६५ साली भर सभेत हिणविले की, तुझ्या जोडीदारांनी मळे केले, घरे बांधली. तू स्वतःसाठी काय केलेस? वाचकहो, ज्याने स्वतःसाठी काही केले नाही तो नालायक ठरावा, यातच त्या स्वराज्याचे सारे चित्र आले. पुढे २००४ साली एका चौकशी मंडळाने सार्वजनिक जमिनी सत्तेच्या जोरावर कशा लाटल्या गेल्या याचा भला मोठा अहवाल दिला. छळ सोसलेल्या म्हाताऱ्या लढवय्यांना मात्र इंग्रज सरकारकडून २०१३ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी, भरपाई कबूल झाली. तीही पाच हजारांवर थोड्यांनाच.

युगांडात मैलो वतने तशीच राहिली. राजा व प्रधान यांच्यात खुर्चीचे भांडण मात्र जोराचे झाले. १९६६ साली मिल्टन ओबोटे यांनी बुगांडाच्या राजवाड्यावर फौज घातली व राजास परदेशी पळावे लागले. १९७१ साली ओबोटेंच्याच सेनापतीने, इदी अमीनने, त्यांची खुर्ची ओढली. अमीनने १९७५ साली सगळी जमीन सरकारची म्हणून हुकूम काढला, १९९५च्या घटनेने मैलो परत आली, १९९८च्या कायद्याने कुळांस काही आसरा मिळाला. अठ्ठ्याण्णव वर्षे एकच गाठ, आणि प्रत्येक राज्यकर्त्याने ती आपल्या सोयीने आवळली किंवा सैल केली.

टांझानियात न्येरेरे यांनी निराळा मार्ग धरला. १९६७च्या आरंभी अरुशा गावी त्यांच्या पक्षाने ठराव केला की, पुढाऱ्याने कंपनीचे भाग घेऊ नयेत, दोन पगार घेऊ नयेत, घरे भाड्याने देऊ नयेत. हा नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. पण पुढे त्याच सरकारने विखुरलेल्या वस्त्या मोडून रयतेस एकत्र गावे करावयास सांगितले. आधी समजुतीने, आणि १९७३ नंतर सक्तीने. लाखो माणसे हलविली, कित्येक ठिकाणी जुनी घरे जाळली. नव्या गावापासून शेत लांब पडले, माती अनोळखी निघाली, त्यात पाऊस गेला, आणि परदेशातून धान्य आणावे लागले. १९७६ साली तर शेतकऱ्यांचे जुने सहकारी संघच सरकारने मोडले व खरेदी आपल्या मंडळांकडे घेतली. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण कोणत्या मातीत काय पिकते हे कसणाऱ्यास न विचारता कचेरीतून ठरविणे, ही साहेबाचीच रीत होय. ती गुरुजींनी केली म्हणून गोड होत नाही.

दुसरे कलम भावाचे. शेतकऱ्याचा कापूस व कॉफी सरकारी मंडळाने ठराविक दराने घ्यावयाची, बाहेर अधिक किमतीस विकावयाची, व मधला फरक ‘भाव पडतील तेव्हा उपयोगी पडेल’ म्हणून ठेवून घ्यावयाचा, ही पद्धत इंग्रजांनी बसविली. स्वराज्यात तिन्ही देशांत खरेदीची मंडळे राहिली. फक्त साहेबाच्या जागी आपला माणूस बसला. शेतकऱ्याच्या घामातून शहरात इमारती उठल्या.

याच कलमात युगांडाची १९७२ची गोष्ट येते. अमीनने हिंदी वंशाच्या लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, आणि पन्नास हजारांवर माणसे नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. दुकानदाराविषयी रयतेच्या मनात राग होता व त्यास कारणेही होती. पण ती दुकाने व कारखाने मिळाले कोणास? शिपाई, सुभेदार व अमीनचे हुजरे यांस. मिठाच्या पुड्यासाठी व साबणाच्या वडीसाठी शेतकरी मोताद झाला. रयतेचा खरा राग उसना घेऊन आपली तुंबडी भरणारा पुढारी कसा ओळखावा, याचा हा धडा आहे. लुटीचा माल गावच्या चावडीवर न जाता कोणाच्या वाड्यात जातो, ते पाहावे.

तिसरे कलम शाळेचे. टांझानियाने स्वाहिली ही राष्ट्रभाषा केली व प्राथमिक शाळा त्याच भाषेत चालविली. शंभराहून अधिक जमाती असलेल्या देशात शेतकऱ्याचे पोर सरकारी कागद वाचू लागले, आणि जमातीजमातींत जी कापाकापी शेजारी झाली, ती तेथे झाली नाही. यात या भाषेचा वाटा मोठा आहे. न्येरेरे यांनी राज्यकारभार सांभाळून शेक्सपियरची दोन नाटके स्वतः स्वाहिलीत आणली. मात्र वरच्या शाळांत इंग्रजीच ठेवली. तेव्हा शिडीच्या खालच्या पायऱ्या रयतेच्या भाषेत व वरच्या साहेबाच्या, असे झाले. केनियात गावकऱ्यांनी ‘हरांबी’ म्हणजे ‘सारे मिळून ओढा’ म्हणत स्वतःच्या मजुरीने शेकडो शाळा उभ्या केल्या. आम्ही मास्तर म्हणून सांगतो की, या शाळा त्या देशाच्या कोणत्याही वाड्याहून मोठ्या आहेत. फी माफ होण्यास मात्र युगांडात १९९७, टांझानियात २००१ व केनियात २००३ साल उजाडावे लागले.

आता सामाईक घराकडे वळू. संघराज्य झाले नाही तरी १९६७ साली करार होऊन ‘पूर्व आफ्रिकी समुदाय’ उभा राहिला. कचेरी अरुशात, रेल्वे व विमाने यांचे मुख्य ठाणे नैरोबीत, बंदरांचे दार-एस-सलामला, टपालाचे कंपालात, अशी वाटणी झाली. कागदावर ती बरी दिसते. पण इंग्रजांच्या वेळेपासून कारखाने व पेढ्या नैरोबीस जमल्या होत्या. विहीर तिघांची, मोट एकाच्या वाफ्यावर! केनियाचा माल दोघांकडे जाई. दोघांचा माल केनियात फारसा येत नसे. कारखाने वाटून घेण्याचा एक ठराव १९६४ साली कंपालास झाला होता. तो अमलात आला नाही. १९६७च्या करारात मागे पडलेल्यास जकातीची थोडी आड दिली, ती पुरली नाही.

दुसरे असे की, या घराची सारी सत्ता तिघा अध्यक्षांच्या बैठकीत होती. १९७१ साली अमीन आला, आणि बंडखोराशेजारी मी बसणार नाही असे न्येरेरे यांनी म्हटले. झाले, बैठकच बंद पडली! तिघांतले दोघे बोलेनासे झाले की ज्या घराचा कारभार थांबतो, ते घर तिघांचेच होते, कोट्यवधी लोकांचे नव्हते. रेल्वेचा पैसा जो तो आपल्या हद्दीत अडवू लागला. १९७७च्या आरंभी सामाईक विमाने बसली, फेब्रुवारीत टांझानियाने केनियाची सरहद्द बंद केली, ज्याच्या अंगणात जे वाहन सापडले ते त्याने ठेवून घेतले, आणि त्याच साली घर मोडले. पुढच्याच साली अमीनची फौज टांझानियाच्या कागेरा भागात घुसली. टांझानियाच्या सैन्याने उलट चाल करून १९७९च्या एप्रिलात कंपाला घेतले व अमीन पळाला. शेजाऱ्याचे कर्ज, टपाल व आगगाडी ज्यांनी एकत्र सांभाळली, ते एकमेकांची पोरे मारू लागले. वाटणीचा कागद एका स्विस मध्यस्थाच्या खटपटीने १९८४ साली झाला. सरहद्द त्याआधी सहा वर्षांहून अधिक बंद होती. इंग्रज व जर्मन यांनी नकाशावर ओढलेल्या त्या रेषेच्या दोन्ही बाजूंस मसाई गुराखी राहतात. त्यांची गुरे चारा पाहतात, रेषा पाहत नाहीत. घर जोडताना त्यांस कोणी विचारले नाही आणि मोडतानाही नाही.

आणि तरीही रयतेने जोडलेले तुटले नाही. पुढाऱ्यांचे घर मोडले तेव्हाही स्वाहिली भाषा तिन्ही देशांतील बाजारात चालू होती. केनियाच्या रस्त्यांवर पत्र्याचे कंदील, शेगड्या, पेट्या ठोकणारे कारागीर डोक्यावर छप्पर नसता उन्हात बसत; त्यांस ‘जुआ काली’ म्हणजे ‘कडक ऊन’ असे नाव पडले. त्यांतल्या कित्येकांच्या गुरूंचे गुरू त्या जुन्या रेल्वेवरचे हिंदी लोहार-सुतार. सरकारने त्यांस बराच काळ उपद्रव समजून हाकलले. १९७२ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या मंडळाने पाहणी करून सांगितले की, हे उपद्रव नव्हेत, देशाचे पोट हेच भरतात. शहाण्यांस जे कळावयास पाहुणे बोलवावे लागले, ते त्या देशातल्या कोणत्याही गृहिणीने शेगडी विकत घेताना सांगितले असते.

अखेर ३० नोव्हेंबर १९९९ रोजी तिन्ही राष्ट्रांनी अरुशात पुन्हा करार केला व २००० सालापासून नवा समुदाय सुरू झाला. पुढे रुआंडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो व सोमालिया हेही त्यात आले. या नव्या कराराच्या आरंभीच जुने घर मोडण्याची कारणे लिहून ठेविली आहेत: पुढाऱ्यांची इच्छा कमी पडली, सामान्य लोकांस त्यात भाग नव्हता, व फायद्याची वाटणी सारखी झाली नाही. राष्ट्रांनी आपल्या करारात असे लिहावे, ही गोष्ट दुर्मिळ व भूषणावह आहे. ते लिहिले तसे वागतात की नाही, हे त्यांची रयत पाहील.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, माउल्यांनो, या हकीकतीवरून आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शेजारी राष्ट्रांची मैत्री पुढाऱ्यांच्या गळाभेटीने टिकत नाही आणि रयतेच्या भांडणाने मोडत नाही. ती वाटणीने टिकते व वाटणी चुकली की मोडते. घरातल्या घरात ज्याने आपल्या कुळास, मजुरास व कारागिरास न्याय दिला नाही, तो शेजाऱ्यास काय देणार? सबब कोणत्याही देशाचा पुढारी गावात येऊन शेजाऱ्याविषयी प्रेमाचे किंवा रागाचे व्याख्यान देऊ लागला, तर टाळी वाजविण्याआधी त्यास तीन गोष्टी विचाराव्या: जमीन कोणाच्या नावे चढली, आमच्या मालाचा भाव कोणी ठरविला, आणि आमच्या पोरांच्या शाळेचे काय केले. याची उत्तरे तो वही उघडून देईल तर त्याचे पुढचे व्याख्यान अवश्य ऐकावे. वही झाकून ठेवील तर आपापल्या कामास लागावे.